ग्रबची यादी वारंवार का बिघडते? एका संगणकावर अनेक लिनक्स ठेवणाऱ्यांसाठी समस्या निवारण

माझ्या घरच्या संगणकावर एकाच एसएसडीवर डेबियन, लिनक्स मिंट आणि फेडोरा अशा तीन प्रणाली नांदतात, आणि ज्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेची देखभाल माझ्याकडे आहे तिथल्या यंत्रांवरही प्रत्येकी दोन लिनक्स आहेत. दर सहामाहीत एकदा तरी कोणीतरी दारात उभे राहून सांगते, "सर, डेबियन गेलं." डेबियन कुठेही गेलेले नसते. त्याच्या पार्टिशनवरची एकही फाइल हललेली नसते. संगणक सुरू होताना जी यादी दिसते तिच्यातून त्याचे नाव गळलेले असते, किंवा नाव असते पण ते जिथे बोट दाखवते तिथे काही उरलेले नसते.

हा बिघाड पुन्हा पुन्हा होतो, याचे कारण समजले तर पुढच्या सगळ्या तपासण्या सोप्या होतात. ग्रब म्हणजे संगणक सुरू होताना ही यादी दाखवून निवडलेली प्रणाली उघडणारा प्रोग्राम. बहुतेक लिनक्स स्थापित होताना आपापले ग्रब घेऊन येतात, आणि प्रत्येकाच्या ग्रबला आपणच घरमालक आहोत असे वाटते. तीन प्रणाली असतील तर तीन ग्रब, तीन याद्या आणि त्या याद्या तयार करणाऱ्या तीन स्वतंत्र यंत्रणा एकाच यंत्रावर असतात. संगणक सुरू करताना यांपैकी एकच यादी समोर येते. जिने शेवटी फर्मवेअरमध्ये (मदरबोर्डमध्येच बसवलेला, सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम; नव्या पद्धतीचा यूईएफआय, जुन्या पद्धतीचा बायोस) आपले नाव पहिल्या क्रमांकावर लिहिले तिची. ज्याच्या हाती ससा तो पारधी, असा हा कारभार आहे. तो मोडायचा तर एका ग्रबला रीतसर मालक नेमावे लागते आणि बाकीच्यांना आपल्या घरापुरते ठेवावे लागते.

एक सूचना आधीच देतो. या लेखात आज्ञा, फाइलींची नावे आणि पडद्यावरचे संदेश उच्चारानुसार देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये आज्ञा रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या. "ग्रब_" ने सुरू होणारी मांडणीतील नावे मात्र मोठ्या अक्षरांत असतात.

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण म्हणजे यादी येतच नाही आणि संगणक थेट एका प्रणालीत शिरतो. याचेच दुसरे रूप असे की यादी येते, पण ती ओळखीची नसते: पार्श्वभूमी वेगळी, क्रम वेगळा, आणि कालपर्यंत असलेले एखादे नाव गायब. हे बहुधा कुठल्यातरी प्रणालीच्या मोठ्या अपडेटनंतर किंवा नवी प्रणाली स्थापित केल्यानंतर दिसते.

दुसऱ्या प्रकारात नाव यादीत असते, पण ते निवडल्यावर काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटतात. पहिली सांगते की "/बूट/व्हीएमलिनझ-६.१.०-१८-एएमडी६४" अशी काहीतरी फाइल सापडली नाही, आणि दुसरी सांगते, "यू नीड टू लोड द कर्नल फर्स्ट". कोणतीही कळ दाबा, पुन्हा यादीच येते.

तिसरे लक्षण मुके आहे, म्हणून मला ते सर्वांत धोकादायक वाटते. प्रणाली व्यवस्थित सुरू होते, अपडेटही नियमित होतात, पण "यूनेम -आर" ही आज्ञा दिली की कर्नलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा, कित्येक महिन्यांपूर्वीचा क्रमांक दिसतो. नवे कर्नल डिस्कवर येऊन बसलेले असते आणि ते एकदाही सुरू झालेले नसते.

याखेरीज चार किरकोळ वाटणारी, पण वेगळ्या कारणांची लक्षणे आहेत. प्रणाली सुरू होताना बरोबर दीड मिनिट अडकते आणि मग पुढे जाते. "बॅड शिम सिग्नेचर" असा संदेश येतो. "अननोन फाइलसिस्टम" असा संदेश येतो. किंवा "नो सच डिव्हाइस" असे म्हणून एक लांबलचक आकडा दाखवला जातो आणि यादीऐवजी "ग्रब>" अथवा "ग्रब रेस्क्यू>" एवढेच लुकलुकत राहते.

यांपैकी कोणत्याही लक्षणात प्रणाली पुन्हा स्थापित करण्याची गरज नसते. घाबरून पुन्हा स्थापना करणारे लोक बहुतेक वेळा आणखी एक ग्रब घालून गोंधळ वाढवतात. पडद्यावरच्या संदेशाचा मोबाइलवर फोटो काढा, कुठल्याही लिनक्सचा लाइव्ह यूएसबी पेन ड्राइव्ह (ज्यावरून लिनक्स स्थापित न करता थेट चालते) हाताशी ठेवा, आणि पुढील क्रमाने तपासा.

यादी लपलेली तर नाही ना?

ही तपासणी फुकट आहे आणि अर्ध्या मिनिटात होते. उबुंटू परिवारातील प्रणालींना संगणकावर दुसरी प्रणाली आढळली नाही तर त्या यादी लपवून ठेवतात आणि थांबण्याचा वेळ शून्य सेकंद धरतात. फेडोराही स्वतः एकटाच आहे असे समजल्यास, मागची सुरुवात यशस्वी झाली असेल तर यादी दाखवत नाही. त्यामुळे यादी गायब होणे आणि यादी न दाखवली जाणे यांत फरक करावा लागतो. संगणक सुरू करून निर्मात्याचे बोधचिन्ह जाताक्षणी एस्केप कळ एकदाच दाबावी. जुन्या पद्धतीच्या बायोसवर शिफ्ट कळ दाबून धरावी. एस्केप घाईने दोन-तीनदा दाबली तर यादी ओलांडून आपण "ग्रब>" या आज्ञारेषेवर पोहोचतो, आणि नवखा माणूस तिथेच घाबरतो. तसे झाल्यास "नॉर्मल" असे टंकून एंटर दाबावे.

यादी दिसली तर "/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब" या फाइलमध्ये "ग्रब_टाइमआउट_स्टाइल" चे मूल्य "मेन्यू" आणि "ग्रब_टाइमआउट" चे मूल्य ५ किंवा १० करावे आणि "सुडो अपडेट-ग्रब" चालवावे. फेडोरात "सुडो ग्रब२-एडिटएन्व्ह - अनसेट मेन्यू_ऑटो_हाइड" एवढे पुरते.

फर्मवेअरचा स्वतःचा बूट मेन्यू काय सांगतो?

इथेही खर्च नाही. डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच यंत्रांवर एफ१२, एचपीवर एफ९, असुसच्या मदरबोर्डांवर एफ८ आणि एमएसआयच्या मदरबोर्डांवर एफ११ ही कळ दाबली की फर्मवेअर आपली यादी दाखवते. त्यात "डेबियन", "उबुंटू", "फेडोरा" अशी नावे वेगवेगळी दिसली तर एकेक निवडून पाहा. प्रत्येक नावाने त्या त्या प्रणालीचे ग्रब उघडत असेल तर काहीही बिघडलेले नाही, फक्त क्रम बदललेला आहे. ही तपासणी मी इतक्या लवकर ठेवतो, कारण तिने डिस्क, पार्टिशन आणि ग्रबच्या फाइली सुस्थितीत असल्याचा निर्वाळा एका मिनिटात मिळतो आणि पुढचे काम निम्म्यावर येते.

सध्या मालक कोण आहे?

जी प्रणाली सुरू होते तिच्यात शिरून "सुडो ईएफआयबूटएमजीआर -व्ही" ही आज्ञा द्यावी. वर "बूटकरंट" या नावापुढे आत्ता वापरलेल्या नोंदीचा क्रमांक असतो, "बूटऑर्डर" पुढे क्रम असतो, आणि खाली प्रत्येक नोंद कोणत्या पार्टिशनवरील कोणती फाइल उघडते ते लिहिलेले असते. मालक म्हणून ज्या ग्रबला नेमायचे त्याचा क्रमांक ०००३ असेल, तर "सुडो ईएफआयबूटएमजीआर -ओ ०००३,०००१,०००४" अशा आज्ञेने तो पुढे आणता येतो. आकडे आपल्या यंत्रावरचे वापरावेत आणि जुन्या क्रमातील एकही क्रमांक वगळू नये.

मालक कोणाला नेमावे याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: जी प्रणाली तुम्ही सर्वांत कमी बदलता तिला. माझ्याकडे ते डेबियन आहे. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येणारी किंवा प्रयोगासाठी घातलेली आणि उद्या पुसली जाणारी प्रणाली मालक केली, तर ती पुसताना घराचे दारही तिच्याबरोबर जाते.

क्रम सुधारूनही काही आठवड्यांनी पुन्हा बदलत असेल, तर बहुधा दुसऱ्या एखाद्या प्रणालीचे ग्रब पॅकेज अपडेट होताना स्वतःला पुन्हा पहिल्या जागी बसवते आहे. केवळ कर्नलच्या अपडेटने असे होत नाही. ग्रबचे पॅकेज बदलले की होते. मालक नसलेल्या डेबियनमध्ये "सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-ईएफआय-एएमडी६४" चालवल्यास विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांमध्ये एनव्हीरॅममधील, म्हणजे फर्मवेअरच्या स्मृतीतील, नोंदी बदलाव्यात का, असाही एक प्रश्न असतो. त्याला "नाही" असे उत्तर द्यावे.

शोध घेणारी यंत्रणा बंद आहे का?

मालक बरोबर आहे, पण त्याच्या यादीत इतरांची नावे नाहीत, अशी स्थिती असेल तर संशयित ठरलेला आहे. इतर प्रणाली शोधण्याचे काम "ओएस-प्रोबर" नावाचा छोटा प्रोग्राम करतो. जून २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून सुरक्षिततेच्या कारणाने तो आपोआप चालवणे बंद करण्यात आले. ज्यांनी जुन्या सवयीने नवी आवृत्ती घातली, त्यांची इतर नावे त्यामुळे एका रात्रीत नाहीशी झाली. "अपडेट-ग्रब" चालवताना "ओएस-प्रोबर विल नॉट बी एक्झिक्यूटेड" असा इशारा येतो, पण तो सहसा कोणी वाचत नाही.

"/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब" मध्ये "ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स" ही ओळ घालावी, पॅकेज नसेल तर ते घालावे, आणि यादी पुन्हा तयार करावी. एखादी प्रणाली कूटबद्ध पार्टिशनवर असेल तर ते पार्टिशन उघडलेले नसताना या प्रोग्रामला त्यात काहीही दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

बहुतेक लोक इथे थांबतात, कारण नावे परत आलेली असतात. खरा रोग मात्र पुढच्या तपासणीत सापडतो.

यादी शिळी झाली आहे का?

ओएस-प्रोबर शेजारच्या प्रणालीची यादी वाचतो आणि तिच्यातील कर्नलचे नाव, क्रमांक आणि मापदंड जसेच्या तसे मालकाच्या यादीत उतरवतो. उतरवल्यानंतर दोघांचा संबंध संपतो. पुढच्या आठवड्यात शेजारी प्रणालीने नवे कर्नल घेतले तर ती स्वतःची यादी सुधारते. मालकाच्या यादीला त्याची खबरही नसते. मतदार यादीत जुन्या पत्त्यावर नाव राहावे आणि माणूस गाव सोडून गेलेला असावा, तशी ही नोंद होते.

सुरुवातीला काहीच जाणवत नाही, कारण जुने कर्नलही डिस्कवर असते आणि तेच सुरू होत राहते. वर सांगितलेले मुके लक्षण ते हेच. फेडोरा मूळ मांडणीत एकूण तीन कर्नल ठेवतो, म्हणून यादीत नोंदलेले कर्नल काही अपडेटनंतर पुसले जाते; डेबियनमध्ये "ऑटोरिमूव्ह" चालवल्यावर जुने कर्नल जाते. ज्या दिवशी ते पुसले जाते त्या दिवशी फाइल सापडत नसल्याचा संदेश येतो, आणि बिघाड आजच झाला असे माणसाला वाटते. प्रयोगशाळेत एकदा प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी एका रांगेतल्या सर्व यंत्रांवर हाच संदेश आला होता. आदल्या संध्याकाळी कोणीतरी सद्भावनेने सगळीकडे "ऑटोरिमूव्ह" चालवले होते. सर्व यंत्रे एकाच दिवशी तयार केलेली, म्हणून सर्वांच्या याद्या एकाच तारखेला शिळ्या झालेल्या होत्या.

तात्पुरता उपाय म्हणजे मालक प्रणालीत जाऊन "सुडो अपडेट-ग्रब" चालवणे. तो दर अपडेटनंतर करावा लागतो, आणि माणूस विसरतो. कायमचा उपाय असा की मालकाच्या यादीत शेजाऱ्याच्या कर्नलचे नाव लिहायचेच नाही. शेजाऱ्याच्या स्वतःच्या यादीकडे पाठवणारी नोंद लिहायची. ती यादी शेजारी स्वतःच नेहमी ताजी ठेवतो. मालक प्रणालीतील "/ईटीसी/ग्रब.डी/४०_कस्टम" या फाइलच्या शेवटी, वरच्या मूळ ओळींना हात न लावता, पुढील नोंद घालावी:

मेन्यूएंट्री "मिंट, स्वतःची यादी" {
  सर्च --नो-फ्लॉपी --एफएस-यूयूआयडी --सेट=रूट (इथे मिंटच्या पार्टिशनचा यूयूआयडी)
  कॉन्फिगफाइल /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी
}

कंसातील मजकुराच्या जागी खरा यूयूआयडी (प्रत्येक पार्टिशनचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) येतो आणि कंस लिहायचे नसतात. तो "एलएसबीएलके -एफ" या आज्ञेने मिळतो. "बूट" साठी वेगळे पार्टिशन असेल तर त्या वेगळ्या पार्टिशनचा यूयूआयडी द्यावा आणि मार्गातून सुरुवातीचा "/बूट" हा भाग काढावा. इथे चुकणाऱ्यांची संख्या मोठी आहे, कारण प्रणाली चालू असताना मार्ग "/बूट/ग्रब" असाच दिसतो, पण ग्रबच्या दृष्टीने ते पार्टिशन स्वतःच मूळ असते.

फेडोरासाठी ही युक्ती चालत नाही, आणि ती का चालत नाही हे शोधण्यात माझा एक अख्खा रविवार गेला होता. फेडोराने २०१९ पासून, म्हणजे आवृत्ती ३० पासून, कर्नलच्या नोंदी यादीच्या फाइलमध्ये न लिहिता "/बूट/लोडर/एंट्रीज" या फोल्डरात छोट्या छोट्या स्वतंत्र फाइलींमध्ये ठेवायला सुरुवात केली. त्या वाचणारा भाग फेडोराच्या ग्रबमध्ये आहे, पण डेबियनच्या २.०६ आणि २.१२ या आवृत्त्यांमध्ये नाही. म्हणून फेडोराला त्याच्याच ग्रबच्या स्वाधीन करावे. वरच्या नोंदीत यूयूआयडी ईएफआय पार्टिशनचा, म्हणजे सर्व ग्रबच्या सुरुवातीच्या फाइली जिथे असतात त्या छोट्या पार्टिशनचा, द्यावा (तो मध्ये आडवी रेघ असलेला, आठ अक्षरांचा असतो) आणि तिसऱ्या ओळीऐवजी "चेनलोडर /ईएफआय/फेडोरा/शिमएक्स६४.ईएफआय" असे लिहावे.

नोंदी घातल्यावर मालक प्रणालीत ओएस-प्रोबर पुन्हा बंद करावा, नाहीतर तीच नावे शिळ्या रूपातही दिसत राहतील. मग "अपडेट-ग्रब" चालवावे. "४०_कस्टम" मधील मजकूर दर वेळी नव्या यादीत आपोआप जोडला जातो. थेट "ग्रब.सीएफजी" फाइलमध्ये लिहिलेला मजकूर मात्र पुढच्या अपडेटमध्ये पुसला जातो, म्हणून तिथे काही लिहू नये. मिंट निवडल्यावर आता दोन याद्या ओलांडाव्या लागतात, आणि काहींना ते खटकते. मला नाही खटकत.

दोन प्रणाली एकाच फोल्डरात तर लिहीत नाहीत ना?

उबुंटू आणि लिनक्स मिंट, किंवा उबुंटू आणि कुबुंटू, अशी जोडी असेल तर ही तपासणी चुकवू नये. या सगळ्यांचे ग्रब ईएफआय पार्टिशनमधील "उबुंटू" या एकाच फोल्डरात बसते. त्यामुळे फर्मवेअरच्या यादीत दोन नावे अपेक्षित असताना एकच "उबुंटू" दिसते, आणि मिंट वापरणाऱ्याला आपले मिंट गेले असे वाटते.

"सुडो कॅट /बूट/ईएफआय/ईएफआय/उबुंटू/ग्रब.सीएफजी" असे केल्यास जेमतेम तीन ओळींची फाइल दिसते. पहिल्या ओळीत एक यूयूआयडी असतो आणि शेवटची ओळ त्या पार्टिशनवरची खरी यादी उघडते. हा यूयूआयडी "एलएसबीएलके -एफ" शी ताडून पाहिला की सध्या फोल्डर कोणाच्या ताब्यात आहे ते कळते. ताबा बदलायचा असेल तर हव्या त्या प्रणालीतून "सुडो ग्रब-इन्स्टॉल" आणि मग "सुडो अपडेट-ग्रब" चालवावे. "ग्रब-इन्स्टॉल" ला वेगळे नाव देऊन वेगळा फोल्डर करण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिला जातो, पण सिक्युअर बूट (मान्य स्वाक्षरी असलेलेच प्रोग्राम सुरू होऊ देणारी फर्मवेअरची सोय) चालू असेल तर उबुंटूचे स्वाक्षरीत ग्रब पुन्हा "उबुंटू" फोल्डरातलीच फाइल वाचते आणि मेहनत वाया जाते.

मी दोन मार्ग वापरून पाहिले. "सुडो एपीटी-मार्क होल्ड" ने दुसऱ्या प्रणालीचे ग्रब आणि शिम (सिक्युअर बूटसाठी ग्रबच्या आधी चालणारा स्वाक्षरीत प्रोग्राम) ही पॅकेजे गोठवता येतात. पण त्यामुळे त्यांची सुरक्षा-अपडेटही थांबतात, म्हणून तो मार्ग चार दिवसांपुरता ठीक. दुसऱ्या प्रणालीसाठी काही शे मेगाबाइटचे वेगळे ईएफआय पार्टिशन करून, तिच्या "एफएसटॅब" मध्ये (सुरू होताना कोणती पार्टिशने जोडायची ते सांगणारी फाइल) ते लावून, तिथे ग्रब बसवणे हा मार्ग मला टिकाऊ वाटला. हे जमणार नसेल तर एका परिवारातल्या दोन प्रणाली एका डिस्कवर ठेवूच नयेत. डेबियन आणि मिंट, किंवा फेडोरा आणि उबुंटू, अशी जोडी सुखाने राहते.

दीड मिनिटाचा थांबा

याचा ग्रबशी थेट संबंध नसला तरी बोल त्यालाच लागतो. पडद्यावर लाल चांदणी डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरत असते, शेजारी "अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर" आणि पुढे एक लांब यूयूआयडी असतो, आणि सेकंद मोजत मोजत १ मिनिट ३० सेकंदांवर तो प्रयत्न सोडला जातो. नवी प्रणाली स्थापित करताना तिच्या इन्स्टॉलरने जुने स्वॅप पार्टिशन (रॅम अपुरी पडल्यास वापरले जाणारे) आपले मानून पुन्हा फॉरमॅट केलेले असते आणि त्याचा यूयूआयडी बदललेला असतो. जुनी प्रणाली मात्र जुन्याच आकड्याची वाट पाहत बसते.

"एलएसबीएलके -एफ" मधील नवा यूयूआयडी "/ईटीसी/एफएसटॅब" मध्ये लिहावा. डेबियन परिवारात "/ईटीसी/इनिटरामएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम" या फाइलमध्येही तो बदलून "सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू" चालवावे. आणि एक गोष्ट ठामपणे सांगतो: स्वॅप सामायिक असेल तर कोणतीही प्रणाली हायबरनेट करू नये. एक प्रणाली झोपलेली असताना दुसरीने तिचे पार्टिशन उघडून काही लिहिले, तर पहिली जागी झाल्यावर फाइलप्रणालीची वाट लागते.

सिक्युअर बूटचा अडथळा

"बॅड शिम सिग्नेचर" म्हणजे एका वितरणाच्या शिमला दुसऱ्या वितरणाच्या कर्नलवरील स्वाक्षरी ओळखता आली नाही. डेबियनच्या ग्रबने फेडोराचे कर्नल थेट उचलले की असे होते, आणि वर दिलेला चेनलोडरचा मार्ग हेच टाळतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-अपडेटने जुने शिम नाकारायला सुरुवात केली, तेव्हा अनेकांना "व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड" हा संदेश दिसला. अशा वेळी सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून, लिनक्समध्ये शिरून, शिमचे पॅकेज अद्ययावत करून ते पुन्हा चालू करावे. यंत्रावर बिटलॉकर लावलेले विंडोजही असेल, तर त्याची रिकव्हरी की हाती असल्याशिवाय या मांडणीला हात लावू नये.

यूईएफआय आणि जुना बायोस यांची सरमिसळ

प्रत्येक प्रणालीत "एलएस /सिस/फर्मवेअर/ईएफआय" ही आज्ञा द्यावी. फोल्डर असेल तर यंत्र त्या वेळी यूईएफआय पद्धतीने सुरू झालेले आहे. एक प्रणाली एका पद्धतीने आणि दुसरी दुसऱ्या पद्धतीने स्थापित झाली असेल, तर त्यांचे बूटलोडर एकमेकांना साखळीने सुरू करू शकत नाहीत. जुन्या पद्धतीच्या प्रणालीत यूईएफआयचे ग्रब पॅकेज घालून ती बदलावी.

"अननोन फाइलसिस्टम"

नव्या प्रणालीचे ईएक्सटी४ पार्टिशन जुन्या ग्रबला वाचता येत नाही, असा हा प्रकार असू शकतो. फेब्रुवारी २०२३ च्या ई२एफएसप्रॉग्ज (अशी पार्टिशने तयार करणारी साधने) १.४७.० पासून नवे पार्टिशन तयार करताना काही नवी वैशिष्ट्ये मुळातच चालू असतात, आणि मूळ ग्रब २.०६ ला त्यांतले एक समजत नाही. पार्टिशन निरोगी असते. मालक प्रणालीचे ग्रब अद्ययावत करावे किंवा त्या प्रणालीला तिच्याच ग्रबकडे चेनलोडरने पाठवावे.

"ग्रब>" वर अडकल्यास आणि शेवटची दुरुस्ती

हे बहुधा मालक प्रणालीचे पार्टिशन पुसल्यावर किंवा अपडेट चालू असताना वीज गेल्यावर घडते. "ग्रब>" दिसत असेल तर "एलएस" ने पार्टिशनांची नावे पाहावीत, "एलएस (एचडी०,जीपीटी५)/बूट/ग्रब/" असे एकेक चाळून "ग्रब.सीएफजी" कुठे आहे ते शोधावे, आणि "कॉन्फिगफाइल (एचडी०,जीपीटी५)/बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी" असे टंकावे. त्या प्रणालीची यादी उघडते आणि लाइव्ह यूएसबीची गरजच उरत नाही. "ग्रब रेस्क्यू>" वर आधी "सेट प्रीफिक्स=(एचडी०,जीपीटी५)/बूट/ग्रब", मग "इन्समॉड नॉर्मल" आणि मग "नॉर्मल" असा क्रम आहे.

यानेही भागले नाही तर लाइव्ह यूएसबी. ते यूईएफआय पद्धतीनेच सुरू करावे, नाहीतर पुढे "ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड" असे उत्तर मिळेल. प्रणालीचे मूळ पार्टिशन "/एमएनटी" वर आणि ईएफआय पार्टिशन "/एमएनटी/बूट/ईएफआय" वर जोडावे. "/डेव्ह", "/प्रॉक", "/सिस" आणि "/रन" हे चारही फोल्डर "माउंट --आरबाइंड" ने आत घ्यावेत. "सीएचरूट /एमएनटी" करून "ग्रब-इन्स्टॉल" आणि "अपडेट-ग्रब" चालवावे. फेडोराच्या यूईएफआय यंत्रावर "ग्रब२-इन्स्टॉल" चालवू नये. तिथे "डीएनएफ रीइन्स्टॉल" ने शिम आणि ग्रब२-ईएफआय ही पॅकेजे पुन्हा घालणे हीच योग्य रीत आहे. वीज गेल्यानंतरचा बिघाड असेल तर ईएफआय पार्टिशन जोडण्यापूर्वी त्यावर "एफएससीके.व्हीफॅट" चालवून घ्यावे.

कुठे थांबावे

"स्मार्टसीटीएल -एच" ने (यातला शेवटचा एच मात्र मोठ्या अक्षरात) डिस्क नापास ठरवली, "डीमेसेज" मध्ये "आय/ओ एरर" च्या ओळी एकामागून एक दिसल्या, किंवा हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, तर ग्रबचा विचार सोडून द्यावा. अशा डिस्कवर "ग्रब-इन्स्टॉल" किंवा "एफएससीके" चालवणे म्हणजे उरलेला डेटा स्वतःच्या हाताने घालवणे आहे. यंत्र बंद करून डेटा परत मिळवणाऱ्या व्यावसायिकाकडे न्यावे. "एलएसबीएलके" मध्ये पार्टिशनेच दिसत नसतील, किंवा कूटबद्ध पार्टिशन योग्य परवलीचा शब्द देऊनही उघडत नसेल, तरी हाच नियम लागू.

"ईएफआयबूटएमजीआर" ने केलेला बदल दर वेळी नाहीसा होत असेल आणि घड्याळही मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल उतरलेला असण्याची शक्यता आहे. डेस्कटॉपमधला सेल घरी बदलता येतो; लॅपटॉप उघडायचा असेल तर दुरुस्तीवाल्याकडे द्यावा. नवी नोंद करताना "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" असे आले, तर नको असलेल्या नोंदी "ईएफआयबूटएमजीआर" नेच काढाव्यात. "/सिस/फर्मवेअर/ईएफआय/ईएफआयव्हार्स" मधील फाइली सरसकट पुसू नयेत. २०१६ च्या सुरुवातीला असे करून काही लॅपटॉप कायमचे बंद पडले होते, आणि त्यानंतर लिनक्स कर्नलमध्ये त्यासाठी संरक्षण घालावे लागले. फर्मवेअरवर परवलीचा शब्द असलेले कार्यालयाचे यंत्र असेल, तर ते ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनाच बोलवावे.

दुरुस्तीच्या दुकानात यंत्र देताना पडद्याचा फोटो, "ईएफआयबूटएमजीआर -व्ही" आणि "एलएसबीएलके -एफ" यांची उत्तरे, आणि कोणत्या पार्टिशनवर कोणता डेटा आहे याची चिठ्ठी सोबत द्यावी. काउंटरपलीकडून "फॉरमॅट मारून देतो, तासाभरात नेता येईल" असे उत्तर आले, तर यंत्र उचलून दुसऱ्या दुकानात जावे.